विज्ञान-भयकथेतला जीव: भीती दातांची की जीवनचक्राची?

अंधारवाट (धागाकर्ता)

विज्ञान-भयकथा वाचणाऱ्या, पाहणाऱ्या आणि लिहिणाऱ्या सगळ्यांना या धाग्यावर बोलावतोय.

अशा कथांमधला जीव दिसतो कसा, यावर आपल्या गप्पा भरपूर होतात. जबडा केवढा, डोळे किती, अंग बुळबुळीत की खवल्यांचं. पण दिसण्याची भीती दोन-तीन प्रसंगांत झिजते, डोळा सरावतो. पुस्तक मिटल्यावरही जी पाठ सोडत नाही ती भीती त्या जीवाच्या वागण्यातून येते, आणि वागण्याचं मूळ असतं जीवनचक्रात. तो जन्मतो कुठे, वाढतो कशावर, रूप कधी बदलतो, पुढची पिढी कुठे ठेवतो. या सगळ्यात माणसाला नेमकं कोणतं काम नेमून दिलंय हे ज्या क्षणी कळतं, तिथे खरी विज्ञान-भयकथा सुरू होते असं मला वाटतं.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेतो. रिडली स्कॉटचा १९७९ चा 'एलियन'. अंड्यातून जे बाहेर येतं ते चेहऱ्याला घट्ट धरतं, गळ्याभोवती शेपूट आवळतं. कापून काढायला जावं तर त्याचं रक्त आम्लासारखं, यानाचे मजले जाळत खाली उतरतं. इथपर्यंत ही एक भयंकर अडचण आहे, एवढंच. मग ते आपणहून सुटतं आणि मेलेलं सापडतं. माणूस शुद्धीवर येतो, त्याला भूक लागलेली असते, सगळे हसत-बोलत जेवायला बसतात. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातली सर्वांत क्रूर जागा हीच आहे. छाती फुटते तो प्रसंग याच्यापुढे दुय्यम. चेहऱ्यावर बसलेला तो जीव माणसाला प्राणवायू पुरवत होता, म्हणजे त्याला जिवंत ठेवत होता, आणि स्वतः मेला तो काम झालं म्हणून. आपण ज्याला सुटका समजलो तो केवळ एका टप्प्याचा शेवट होता.

यातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टप्पा बदलला की बचाव बदलतो. अंड्यापासून लांब राहून भागतं. चेहऱ्यावर झेपावणाऱ्यासाठी भक्कम शिरस्त्राण हवं. छातीत वाढणाऱ्यासाठी शल्यचिकित्सक हवा. मोठ्या झालेल्यासमोर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. माणसं एका टप्प्याशी झुंजायला शिकतात, तेवढ्यात तो जीव पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. आपलं शिकणं त्याच्या वाढण्याच्या कायम मागे.

तर चर्चेसाठी: कोणत्या जीवाचं कोणतं वागणं तुम्हाला हादरवून गेलं? आणि लेखकाने हे चक्र वाचकाला कितपत उलगडून सांगावं?

पाणकीटक

फार आवडीचा विषय. मी कीटकशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं उदाहरण पडद्यावरचं नाही, खरं आहे.

अँप्युलेक्स कॉम्प्रेसा नावाची हिरवी-निळी, धातूसारखी चमकणारी गांधीलमाशी आहे. तिच्या अळीला जिवंत झुरळ लागतं. झुरळ तिच्याहून आकाराने बरंच मोठं, ओढून नेणं तिच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ती पहिला डंख झुरळाच्या छातीत मारते. त्याचे पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. तेवढ्या वेळात दुसरा डंख डोक्यात. नांगीच्या टोकाने आतली जागा चाचपून ती विष थेट मज्जागाठींमध्ये सोडते. यानंतर झुरळ सुमारे अर्धा तास स्वतःचं अंग साफ करत बसतं. मिशा पुसतं, पाय पुसतं. मग शांत होतं.

लक्षात घ्या, त्याला लकवा झालेला नसतो. त्याला चालता येतं. पण आपण होऊन चालायला लागावं, पळावं, ही ऊर्मी त्याच्यातून गेलेली असते. माशी त्याच्या मिशा मध्येच तोडते, तिथून पाझरणारा द्रव पिते, आणि उरलेला मिशीचा तुकडा धरून त्याला बिळाकडे घेऊन जाते. झुरळ स्वतःच्या पायांनी जातं. आत गेल्यावर त्याच्या पायावर एक अंडं, बिळाच्या तोंडाशी खडे रचले की माशी निघून जाते, परत येत नाही. अळी बाहेर पडते, आधी बाहेरून शोषते, मग शरीरात शिरते, आणि झुरळ जास्तीत जास्त काळ जिवंत राहावं अशा क्रमाने आतून खाते.

या सगळ्यात द्वेष कुठेच नाही, राग नाही. मला तर ती माशी अतिशय काटेकोर आई वाटते. चार्ल्स डार्विनने १८६० साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात, सुरवंटांच्या जिवंत शरीरात पिल्लं वाढवणाऱ्या अशाच परजीवी माश्यांचा उल्लेख आहे. दयाळू ईश्वराने हे जाणूनबुजून घडवलं असेल असं स्वतःला पटवता येत नाही, असं त्याने त्यात म्हटलं. एवढ्या निसर्ग पाहिलेल्या माणसालाही ते पचलं नाही.

भयकथालेखकांना माझी विनंती एवढीच: तुमच्या जीवाला दुष्ट करू नका. दुष्टाशी भांडता येतं, त्याला लाज वाटेल, कंटाळा येईल अशी आशा ठेवता येते. त्या झुरळासमोर असं कुणीच नसतं.

वाचनवेडी

पाणकीटकताई, तो अर्धा तास अंग साफ करणारा भाग वाचून मी स्क्रीनपासून मागे सरकले. बाकी सगळं एकीकडे आणि ते एकीकडे. मोठ्या घटनेच्या ऐन मध्यभागी एखादी रोजची, निरुपद्रवी कृती चालू राहणं... लेखकाने हे उचलायलाच हवं.

रात्रपाळी

माझं मत जॉन कार्पेंटरच्या १९८२ च्या 'द थिंग' या चित्रपटाला. मूळ लघुकादंबरी जॉन कॅम्पबेलची, १९३८ ची. तिथला जीव कुणाच्याही शरीराची पेशी न् पेशी आपलीशी करून हुबेहूब तसाच होतो.

लोक त्यातल्या लोंबत्या आतड्यांबद्दल आणि फुटणाऱ्या डोक्यांबद्दल बोलतात. मला भीती वाटते ती सुरुवातीच्या कुत्र्याची. तो बर्फातल्या संशोधन तळावर येतो आणि काहीही करत नाही. भुंकत नाही, गुरगुरत नाही. खिडकीतून बघतो. रिकाम्या बोळातून सावकाश चालत जातो, एका दारात डोकावतो, पुढच्या दारात जातो, तिथे भिंतीवर एका माणसाची सावली दिसते. दृश्य संपलं. खरा कुत्रा अनोळखी जागी असा वागत नाही. हुंगतो, शेपूट हलवतो, दबकतो. हा खोल्या मोजतोय असं वाटतं.

त्या जीवाचा नियम एकदा कळला की ती चाल आणखी भयानक होते. एकट्याला गाठायचं, कुणी बघत नसताना. चारचौघांत तो कधीच हात उगारत नाही, उघडं पडायची वेळ आली तरच लढतो. त्यामुळे तळावर काही घडत नसतं तेव्हाच खरं काहीतरी घडत असतं. शांततेचा अर्थच उलटा होतो. आणि त्या संगणकावरचा आकडा आठवा: मानवी वस्तीशी संपर्क आल्यापासून २७,००० तासांत सगळं जग बाधित. म्हणजे जेमतेम तीन वर्षं. नुसता एक आकडा, पण जीवनचक्राला वेग दिला की बर्फातल्या एका तळावरची गोष्ट पृथ्वीची होते.

शून्य_अंश

धागा चांगला आहे, पण मला मूळ मुद्दाच मान्य नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

चक्र समजलं की जीव आपल्या जगात येतो. त्याला जीवशास्त्राच्या पुस्तकात पान मिळतं, आणि ज्याला पान मिळालं त्याचा इलाज निघतो. अंधारवाट यांनी दिलेलंच उदाहरण पुढे नेतो. १९७९ च्या चित्रपटासाठी एक दृश्य चित्रित झालं होतं, तेव्हा कापलं गेलं, २००३ च्या आवृत्तीत परत जोडलं. त्यात यानाचा कप्तान भिंतीला चिकटवलेला सापडतो, आणि बळी पडलेल्या माणसांचीच हळूहळू अंडी होत चाललेली असतात. म्हणजे तो जीव एकटा असला तरी चक्र पूर्ण करू शकतो. ना मादी, ना वारूळ. हे कुठल्याच ओळखीच्या प्राण्यात बसत नाही.

मग १९८६ साली जेम्स कॅमेरूनने दुसऱ्या भागात राणी आणली. अंडी घालणारी राणी, तिच्याभोवती लढणारे बाकीचे. चित्रपट म्हणून जबरदस्त, मी कितीदाही पाहीन. पण त्या क्षणापासून तो जीव मुंग्या-मधमाश्यांच्या चालीचा झाला. आपल्याला वसाहत कळते, राणी कळते, राणी मारली की काय होतं तेही कळतं. भीतीची जागा डावपेचांनी घेतली.

म्हणून माझं म्हणणं: वागणं दाखवा, चक्र लपवा. आणि शक्य असेल तर चक्र ठरवूच नका. लेखकाला उत्तर ठाऊक असलं की त्याचा सांगण्याचा मोह सुटत नाही.

वाचनवेडी

शून्य_अंश, निम्मं पटलं. सांगण्याचा मोह असतो हे खरंच. पण चक्र ठरवलंच नाही तर वागण्यात सुसंगती येणार कुठून? कितीतरी कथांमध्ये जीव कथानकाच्या सोयीने वागतो. पान ४० वर दार फोडतो आणि पान ९० वर त्याच दारामागे नायिका सुखरूप. वाचकाला लगेच जाणवतं की याच्यामागे काही नाही. लेखकाला पूर्ण ठाऊक हवं, वाचकाला अर्धं कळावं, आणि उरलेलं अर्धं वाचकाने स्वतः जुळवावं. आपण स्वतः जुळवलेल्या गोष्टीला आपण जास्त घाबरतो, कारण ती नाकारता येत नाही.

जुळवण्याचं एक सुंदर खरं उदाहरण आहे. खोल समुद्रातल्या माशांची तीन वेगवेगळी कुळं मानली जात होती. एकाला लांबलचक फितीसारखी शेपटी. दुसऱ्याचं नाक मोठं. तिसऱ्याचं तोंड देवमाशासारखं प्रचंड. पहिल्यात प्रौढ कधी सापडायचे नाहीत, दुसऱ्यात सगळे नर, तिसऱ्यात सगळ्या माद्या. २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की हे तिन्ही एकच कूळ आहे: पिल्लं, नर आणि मादी. त्यातला नर रूप बदलताना अन्ननलिका आणि जठर गमावतो. पिल्लू असताना खाऊन साठवलेलं सगळं यकृतात ठेवतो आणि उरलेलं आयुष्य त्यावरच काढतो.

आता हे कथेत घाला. तळावरच्या माणसांना तीन वेगळे जीव भेटले आहेत. एक छोटा, त्याला ते पाळतात. एक जो काहीच खात नाही, म्हणून त्याला निरुपद्रवी समजतात. एक अवाढव्य, ज्याच्याशी लढाई चालू आहे. आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर एकीच्या लक्षात येतं की तिन्हींच्या मणक्यांची संख्या एकच आहे. इथे समजावून सांगणारं एक वाक्यही लागत नाही. काचपेटीत पाळलेल्या छोट्याकडे तिने नुसती मान वळवली तरी पुरे.

अंधारवाट

वाचनवेडी, मणक्यांची संख्या! हे तुम्ही लिहाच.

शून्य_अंश, तुमचं कापलेल्या दृश्याचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. माणसाचं अंडं होणं हे कल्पनेतलं का होईना, चक्रच आहे, आणि ते कळल्यावर भीती वाढते असं तुम्हीच लिहिलंय. राणीमुळे भीती उतरली ती माझ्या मते चक्र उघड झाल्यामुळे नाही. त्या चक्रात माणसाचं काम पूर्वीचंच राहिलं आणि वरची नवी कडी नेमकी ओळखीची निघाली, म्हणून उतरली.

शून्य_अंश

हे मान्य. ओळखीचं नको, हा माझा खरा आग्रह आहे.

पाणकीटक

'कळलं की इलाज निघतो' यावर मला थांबायचंय, कारण खऱ्या जगात याचं फार मोठं उदाहरण आहे आणि त्यातली भीती इलाज कळल्यावरही जात नाही.

नारू. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: साठलेल्या पाण्यात अगदी बारीक, पिसवांसारखे जलचर असतात, त्यांच्या पोटात या कृमीची अळी. ते पाणी माणूस पितो. जलचर पोटात विरघळतो, अळी सुटते, आतड्याची भिंत ओलांडून शरीरात जाते. पुढे सुमारे वर्षभर काहीही जाणवत नाही. या वर्षात मादी वाढत वाढत जवळपास मीटरभर लांब होते आणि कातडीखालून खाली सरकत बहुतेकदा पायाशी येते. तिथे फोड येतो. आग आग होते. माणूस काय करतो? पाय पाण्यात बुडवतो. थंड वाटावं म्हणून. फोड फुटतो, कृमीचं टोक बाहेर येतं आणि लाखो अळ्या पाण्यात सोडते. तेच पाणी पुढचा कुणीतरी पितो.

त्या आगीकडे नीट बघा. माणसाला वेदना होते, तो वेदनेवरचा सर्वांत साधा, शहाणपणाचा उपाय करतो, आणि तो उपाय हाच कृमीचा पुढचा टप्पा आहे. तिला मेंदू ताब्यात घ्यावा लागत नाही. माणूस स्वतःच्या इच्छेनेच पाण्याकडे जातो. अख्ख्या परजीवीशास्त्रात याहून भेदक काही मला माहीत नाही.

आणि आता इलाज. या रोगावर लस नाही, कृमी मारणारं औषधही नाही. कृमी काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढून काढायची, त्याला दिवस किंवा आठवडे लागतात. तरीही १९८६ मध्ये जगात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते, ते २०२३ मध्ये १४ वर आले. कशाने? पाणी कापडातून गाळून पिण्याने आणि फोड आलेल्याला पाणवठ्यात उतरू न देण्याने. चक्राची एक कडी तुटली की सगळं चक्र थांबतं.

मग चक्र कळल्याने भीती गेली का? मला वाटतं ती दिशा बदलते. आता 'हे काय आहे' ही भीती राहत नाही, 'गावातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी, पाणी गाळलंच असेल ना' ही भीती येते.

रात्रपाळी

हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

यावरून बुरशी आठवली. मुंगळ्यांना लागणारी ती ओफियोकॉर्डिसेप्स. मुंगळा वसाहत सोडून खाली येतो, जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर पानाच्या खालच्या शिरेला चावा घेऊन जखडतो, तिथेच मरतो, मग डोक्यातून बुरशीचा देठ निघतो. कथांमध्ये नेहमी 'बुरशीने मेंदूचा ताबा घेतला' असं लिहितात. पण २०१७ चं संशोधन आहे ना, ताई, की बुरशीच्या पेशी स्नायूंभोवती जाळं करून असतात आणि मेंदूत शिरलेल्या दिसत नाहीत?

पाणकीटक

हो, बरोबर. मेंदूवर रसायनांनी परिणाम होत असेल, ती शक्यता उरतेच. पण पेशी मेंदूच्या आत सापडल्या नाहीत, भोवतीच्या स्नायूंत सापडल्या.

रात्रपाळी

म्हणजे लेखकासाठी दोन अगदी वेगळ्या कथा. मेंदू गेला असेल तर तो माणूस संपला, त्याच्यावर गोळी झाडताना हात थरथरला तरी मन मोकळं राहतं. मेंदू शाबूत आणि हातपाय दुसऱ्याचे असतील तर आत कुणीतरी बघतंय. एवढ्या एका जीवशास्त्रीय तपशिलाने कथेतल्या प्रत्येक पात्राचा नैतिक हिशेब बदलतो. म्हणून म्हणतो, लेखकाने हे ठरवायलाच हवं.

वाचनवेडी

काळाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. चक्र माणसाच्या आयुष्याहून लांब असेल तर? मिझोराममध्ये एका जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, फळं धरतो, उंदीर बेसुमार वाढतात, फळं संपली की शेतांवर तुटून पडतात. १९५९ मध्ये दुष्काळ पडला, पुन्हा २००७ च्या सुमारास फुलोरा आला. तिथल्या लोकांनी ही आठवण पिढ्यान् पिढ्या जपली, म्हणून त्यांना पुढचं आधीच सांगता येत होतं. पण ज्या ग्रहावर माणसाची वस्तीच ३० वर्षांची आहे, तिथे ५० वर्षांच्या चक्राची आठवण कुणाकडे असणार? सगळी मोजमापं सुरक्षित सांगतील. ३० वर्षं सुरक्षितच होती.

सावट

बराच काळ नुसता वाचत होतो. आता माझा अडलेला मसुदा मांडतो, मदत करा.

बर्फाच्या कवचाखाली समुद्र असलेला एक उपग्रह. त्या पाण्यात संशोधन तळ, ११ माणसं. जीवाचे तीन टप्पे आहेत. पहिला, पाण्याच्या गाळण्यांवर जमणारा पातळ पापुद्रा, खरवडला की निघतो. दुसरा शरीरात वाढतो, बाधित माणसाला उकडायला लागतं, तो सारखा समुद्राकडच्या झडपेजवळ जाऊन बसतो. तिसरा म्हणजे बाहेर पोहणारा प्रचंड, आंधळा जीव. झडपेतून बाहेर पडलेल्या माणसाला तो उचलतो, त्याच्या शरीरातून दुसऱ्या टप्प्याची वाढ काढून घेतो.

पहिले दोन टप्पे वाचून लोक घाबरतात. तिसरा येतो आणि कथा बसते. मी त्याला गर्जना दिली, तळाच्या भिंतींना धडका दिल्या, एका पाणबुडीचे तुकडे केले. काही उपयोग नाही.

अंधारवाट

सावट, कल्पना फार चांगली आहे. अडचण मला इथे दिसते: तुमच्या तिसऱ्या टप्प्याला निरोगी माणसाशी काही देणंघेणं नाही. त्याचं काम फक्त वाढ तयार झालेल्या शरीराशी आहे. मग तो पाणबुडी का फोडेल? धडका का मारेल? तुम्ही त्याला कथानकासाठी चिडवलंय.

त्याला त्याच्या चक्राप्रमाणे वागू द्या. निरोगी पाणबुड्याच्या बाजूने तो जाईल. अगदी जवळून, अंगाला घासून, न थांबता. पहिल्यांदा सगळ्यांना हायसं वाटेल की हा तर निरुपद्रवी आहे. मग एके दिवशी तो तळाच्या खिडकीशी येतो, आत सहा जण उभे आहेत, आणि तो त्यातल्या एकीच्या समोर थांबतो. ती डावीकडे सरकते. तोही सरकतो.

शून्य_अंश

थांबा, हे जबरदस्त आहे. एक शब्दही स्पष्टीकरण नको. ती सरकते, तो सरकतो, बास. गर्जना काढून टाका, तो संपूर्ण मुका हवा.

पाणकीटक

शास्त्राच्या बाजूनेही हे जास्त पटतं. ज्याचा उपयोग नाही अशा शरीरावर ताकद घालवणारा जीव टिकणार नाही. ओळखायला वास किंवा एखादं रसायन द्या. बाधित शरीराचा वास बदलणं निसर्गात सर्रास आढळतं. तुमचा दुसरा टप्पा बाधिताच्या घामातून काहीतरी सोडत असेल, झडपेच्या सांध्यातून ते अगदी थोडं पाण्यात पाझरत असेल. 'उकडायला लागतं' हे तुमचं मूळचं लक्षण इथे आपोआप कामाला येतं. ते अजिबात काढू नका. माणूस गारव्यासाठी झडपेशी बसतो आणि तिथूनच त्याची वर्दी बाहेर जाते. पण मग खिडकीच्या प्रसंगात झडप जवळ असू द्या, नाहीतर काचेतून वास जाणार कसा, हे कुणीतरी विचारेल.

वाचनवेडी

आणि मग माणसं काय करतील ते बघा. त्यांना तपासणीचं यंत्रच मिळालं. रोज सकाळी एकेकाला त्या खिडकीपुढे उभं करतील. कुणी नकार देईल. कुणाला दोघांनी धरून आणलं जाईल. ज्या जीवाला घाबरायचं त्याच्याच निर्णयावर सगळा तळ चालू लागेल. तुमच्या कथेतला खरा हिंस्र प्रसंग तळाच्या आतच घडणार आहे, सावट.

रात्रपाळी

एक भर घालतो. ही तपासणी फसवी असू द्या. तो जीव तयार झालेली वाढच ओळखतो ना? म्हणजे नुकतीच बाधा झालेल्यापुढे तो थांबणार नाही. खिडकीपुढून सुटलेल्या माणसाला सगळे मिठी मारतील, त्याच्या हातचं पाणी पितील.

सावट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच गर्जना आणि पाणबुडीचं प्रकरण काढलं, जवळजवळ १४ पानं गेली. खिडकीची खोली झडपेला लागून घेतली. बाधा झाल्यापासून तो ओळखू शकेपर्यंतचा काळ १९ तास ठरवलाय, पण कथेत हा आकडा कुठेच येणार नाही. फक्त तपासण्या रोज एकदाच, म्हणजे दोहोंमध्ये २४ तासांचं अंतर. ज्याला जुळवायचं तो जुळवेल.

एक प्रश्न उरतो. गाळणी साफ करण्याचा प्रसंग सध्या मध्यावर आहे, जिथे पापुद्रा पहिल्यांदा दिसतो. तो तिथेच ठेवू का?

वाचनवेडी

पहिल्या पानावर न्या. कुणीतरी गाळणी खरवडतंय आणि जेवणाच्या पाळीवरून दुसऱ्याशी वाद घालतंय. पापुद्र्याला एकच वाक्य, तेही वादाच्या मध्ये. आणि खरवडणारीने हात कशाला पुसले तेवढं लिहा.

पाणकीटक

हातमोजे घातलेले असू द्या. नियम पाळूनही लागण होते, हे वाचकाला पुढे आठवलं पाहिजे.